घळीतून उतरलेलं गवत

आमच्या तालुक्यात कोणी माझं कौतुक केलं की शेवटी एक शेपूट जोडतो: "काही म्हणा, मामाच्या हाताखाली तयार झालेला माणूस." हे शेपूट मी इतकी वर्षं ऐकत आलोय, तरी अजून कानशिलं तापतात. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. मामाने मला काही शिकवलं नाही असं मी म्हणत नाही. मामाने मला ओरडायला शिकवलं. गप्प बसायला मला एका चिनी कापडवाल्याने शिकवलं, आणि माझं जे काही भलं झालं ते गप्प बसल्याने झालं. हिशेब इतका सरळ आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांतली गोष्ट. मामाची आसनगाव स्टेशनाजवळ गवताची वखार होती. मुंबईत तेव्हा घोडागाड्या होत्या, म्हशींचे तबेले होते, आणि त्या सगळ्या जनावरांचं पोट शहापूर-मुरबाडच्या डोंगरांवर चालत असे. दसऱ्याच्या सुमारास गवत पिकलं की ठाकर लोक ते कापून पेंढ्या बांधत, बैलगाड्या त्या वखारीत आणत, वखारीत दाबून गासड्या होत आणि गासड्या रेल्वेच्या वाघिणींत चढत. गवत उभं असतानाच माळाचा सौदा व्हायचा. हा सौदा तोंडाने नसे. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत बैलांचा होतो तसा पंच्याखाली. मालक आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरणार, वर पंचा टाकणार आणि आत बोटं दाबून भाव बोलणार. बाजूला बसलेल्याला अक्षर कळायचं नाही.

आमच्या जोडीत पंच्याखाली मामाचा हात असे आणि पंच्याबाहेर माझं तोंड. मामाने मालकाचा हात धरला की मी सुरू. "ह्याला गवत म्हणता? नुसती कुसळं आहेत कुसळं. गाय तोंड लावायची नाय." रस्त्याच्या नावाने ओरडायचं, पावसाच्या नावाने ओरडायचं, उठून चार पावलं जायचं, परत यायचं. मालक माझ्याकडे बघून चिडायचा, माझ्याशी भांडायचा, आणि भांडणाच्या भरात मामा त्याचं बोट हळूच खाली आणायचा. लोकांना वाटे, सौदे मी करतो. मलाही तसंच वाटे. माझा आवाज माळाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जायचा आणि त्याचा मला अभिमान होता.

लग्न झाल्यावर मी मामाकडे वाटा मागितला. मामा पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "तोंडाला वाटा नसतो रे भाच्या. वाटा हाताला."

आणि त्याच शिमग्याला त्याने आपला जावई वखारीवर आणून बसवला. मी विचारलं, हा काय करणार? मामा म्हणाला, "ओरडंल. त्यात काय शिकायचं असतं?"

मी दुसऱ्या दिवशी माझी स्वतःची एक गाडी आणि बैलजोडी घेऊन निघालो. जाताना असा ओरडलो की स्टेशनावरची माणसं बाहेर आली. फायदा काही झाला नाही. पुढचे महिने मी येत्या हंगामाचे माळ आधीच बोलून ठेवायला हिंडलो. पण मला एकट्याला लांबून येताना बघितलं की मालक भाव चढवून बसत. मी जितका ओरडे तितकं त्यांना वाटे, ह्याला गवत पाहिजेच आहे. पाऊस सुरू झाला तेव्हा माझ्या हातात एकही माळ नव्हता. मामाने निरोप पाठवला: "वखारीचं दार उघडं आहे. दिवाळीपर्यंत स्वतःचं गवत झालं तर बरंच आहे. नाय झालं तर ये. पण भाचा म्हणून नाय, गडी म्हणून." निरोप आणणाऱ्याने तो चारचौघांत सांगितला, कारण मामाने तसंच बजावलं असणार. दिवाळीपर्यंत गवत नाहीतर मामाच्या वखारीत झाडू. इतकंच उरलं होतं.

कापडवाला त्याआधी उन्हाळ्यातच मला भेटला होता. त्या वर्षांत हे चिनी फेरीवाले गावोगाव यायचे. पाठीवर रेशमी कापडाचं गाठोडं, हातात काठी, डोक्यावर फेल्ट टोपी. शहापुरात आमच्या आळीच्या तोंडाशी वडाखाली हा बसला. आमचा बोहारी आला की आधी गल्ली दणाणते. हा काही ओरडला नाही. एका घरातून गरम पाणी मागून घेतलं, गाठोड्याचा एक कोपरा सोडला, त्यातून बोटभर निळं रेशीम बाहेर काढून ठेवलं आणि पाणी पीत बसला. थोड्या वेळाने आळीतल्या सगळ्या बायका त्याच्याभोवती.

माझ्या बायकोला ते निळं कापड चोळीसाठी हवं होतं. मी बाह्या सरसावून सौद्याला बसलो. तो एक भाव बोलला. मी त्याच्या निम्माही नाही बोललो आणि नेहमीचं सुरू केलं: रंग जाईल, सूत कच्चं, तुझ्यासारखे पन्नास पाहिलेत. त्याने ऐकून घेतलं आणि रेशमाची एक घडी आत सरकवली. मी आवाज चढवला, त्याने दुसरी घडी आत सरकवली. मी उठून चाललो, परत आलो, तोवर गाठोड्याचा कोपरा बांधून झाला होता. त्याने मला छान नमस्कार केला आणि पुढच्या आळीला गेला.

बायको दारातून म्हणाली, "आवो, घसा तरी बसला तुमचा. कापड कुठाय?"

मी तसाच त्याच्या मागे गेलो. कापडासाठी नाही, भांडणासाठी. नदीच्या वाटेवर गाठून विचारलं, माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला तू उठवतोस? त्याची भाषा अर्धी बाजारी हिंदी आणि अर्धी मराठी होती. मी ती नीट करून देतो. तो म्हणाला, "भाई, तुझा आवाज मोठा आहे. पण आवाजाने मला एवढंच कळलं की तुला कापड फार आवडलं. मग मी कशाला उतरू?"

हे मला चांगलंच लागलं. मी म्हटलं, मग तुमच्या मुलखात सौदा करतात तरी कसा? तो दगडावर बसला. म्हणाला, आमच्याकडचे म्हातारे एक फार जुनी गोष्ट सांगतात, कोणी पहिल्यांदा सांगितली ते कोणालाच माहीत नाही. कामाला हात घालायच्या आधी बसून घ्यावं आणि ते काम आपल्याशिवाय कुठे चाललंय ते बघावं. बहुतेक काम आधीच कुठेतरी चाललेलं असतं. त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, जमलं तर मागून बोट लावायचं. जोर लावतो तो उलट्या बाजूने ढकलत असतो.

मी म्हटलं, "हा आळशाचा वेदान्त झाला."

तो म्हणाला, "असेल. मी चीनपासून इथवर आलोय. आळशी माणूस इतका लांब येतो का?"

तो काठी टेकत नदीकडे निघाला, आणि मी रिकाम्या हाताने घरी आलो.

आश्विन आला. माझ्यापुढे एकच आशा होती. मुरबाडच्या बाजूला एका म्हाताऱ्याचा मोठा माळ होता, डोंगराच्या सपाटीवर, कमरेइतकं गवत. दर वर्षी तो मामा घ्यायचा. ह्या वर्षी म्हाताऱ्याने अजून होकार दिला नव्हता असं कळलं. मी पहाटे गाडी जुंपली. स्टेशनावर कापडवाला आगगाडीतून उतरताना दिसला. विचारलं तर त्यालाही त्याच गावात जायचं होतं, नवरात्राची गिऱ्हाइकी होती. मी म्हटलं, "बस गाडीत." तो म्हणाला, "तुझे बैल दमतील. मी जातो सावकाश." आणि तो तिथेच पाणी गरम करून घेत बसला.

आसनगावहून त्या गावाला गाडीरस्ता म्हणजे सबंध डोंगराला वळसा. मध्ये ओढे, मध्ये भातखाचरं, चाक रुतलं की खाली उतरून खांदा लावायचा. उन्हं कलायला लागली तेव्हा मी चिखलाने भरलेला असा म्हाताऱ्याच्या दारात पोचलो. ओटीवर कापडवाला बसला होता. कोरडा. पाणी पीत.

"तू कुठून आलास?"

त्याने काठीने डोंगराकडे दाखवलं. शहापूरच्या अंगाला डोंगरात एक घळ आहे, पावसाळ्यात तिच्यातून पाणी कोसळतं, मग सुकते. "पाणी जिथून खाली येतं तिथून वर आलो," तो म्हणाला. "गाडीचा रस्ता माणसांनी भांडून केलेला असतो. ह्याचं शेत टाळ, त्याचं शेत टाळ. पाणी कोणाला विचारत नाही. सरळ येतं."

मी ओटीवर बसलो. खरं तर तोंड उघडणार होतो, गवतात कुसळं फार आहेत म्हणून. पण मी इतका दमलो होतो, आणि त्या कोरड्या माणसाकडे बघून इतका चिडलो होतो, की मुकाट बसलो. म्हाताऱ्याने माझ्याकडे दोनतीनदा बघितलं. त्याला माझ्या ओरडण्याची सवय होती. शेवटी न राहवून तोच बोलायला लागला.

"ओरड की. दर वर्षाला ओरडतोस."

मी म्हटलं, "ह्या वर्षाला तुमी बोला, बाबा."

मग म्हातारा जे बोलायला लागला ते दिवेलागणीपर्यंत. गवताबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बोलला ते बांधांबद्दल. गवताच्या गाड्या माळावरून गावाच्या अंगाला उतरायच्या त्या त्याच्या भातखाचरांतून. भात अजून उभं असायचं, बांध ओले असायचे, आणि वखारवाल्यांना घाई. दर वर्षी बांध फुटायचे. "तुझा मामा बाकीच्यांचा भाव पाडतो, पण मला चढवून देतो, मोठं मन हाय त्याचं," म्हातारा म्हणाला. "पण बांध? उन्हाळाभर माझी सून नि मी माती वाहतो. त्याला म्हणलं तर तो आनखी भाव देतो. मला भाव नको रे, माझा बांध राहू दे. हे तुझ्या मामाच्या कानात शिरत नाय, तू वराडत असतोस ना."

सगळी वर्षं मी त्या ओटीवर ओरडलो होतो आणि सगळी वर्षं म्हातारा हेच सांगायचा प्रयत्न करत होता. मामाला हे ऐकू आलं नाही हे मी समजू शकतो. त्याने ऐकू न येण्याची व्यवस्थाच केली होती, ती व्यवस्था मी होतो.

सकाळी उजाडल्याबरोबर मी कापडवाल्याला घेऊन माळावर गेलो आणि घळीच्या तोंडाशी उभा राहिलो. खाली, अगदी पायाशी, शहापूरकडे जाणारा गाडीरस्ता दिसत होता. तिथून आसनगाव म्हणजे निम्म्याहून कमी वाट. मी विळ्याने गवत कापलं, पेंढी बांधली आणि घळीत सोडली. ती एका दगडाला अडकली. दुसरी पेंढी आवळून, बुडाकडून आणि शेंड्याकडून असे दोन बंद घालून सोडली. ती उड्या घेत, घसरत, वळणावर जरा थांबून, जणू विचार करून, थेट खाली रस्त्याच्या कडेला जाऊन पडली. मी कापडवाल्याकडे बघितलं. तो आपल्या टोपीवरची कुसळं वेचत होता.

"आता खाली ओरडून सांगू नकोस," तो म्हणाला.

आम्ही परत आलो तर ओटीवर मामा आणि जावई बसलेले. मामाने म्हाताऱ्याचा हात धरून वर पंचा टाकला होता आणि जावई सुरू झाला होता. मला बरं वाटलं, कारण तो वाईट ओरडत होता. कुसळं म्हणायच्या जागी काटे म्हणत होता. ह्या माळावर काटा औषधालाही नव्हता.

मला बघून मामा म्हणाला, "ये रे ये. बस. नीट ऐक नि शीक कायतरी. दिवाळी लांब नाय."

मी बसलो.

"काय रे, आवाज बसला का तुझा? का चिन्याने इकत घेतला?"

जावई मोठ्याने हसला. माझ्या डोक्यात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्याच्या सुनेने माझ्यापुढे गरम पाण्याचा पेला ठेवला होता, कापडवाल्याचा बघून मलाही तेच लागतं असं तिला वाटलं असावं. मी तो दोन्ही हातांनी धरला. तळवे भाजत होते. मी सोडला नाही. हात गुंतलेले असले की माझं तोंड जरा आवरतं, हा शोध मला त्या दिवशी लागला आणि तो मी अजून वापरतो.

म्हाताऱ्याने मामाच्या हातातला हात तसाच ठेवून आपला दुसरा हात माझ्याकडे केला. "तुला पायजे का नाय? पायजे तर हात दे."

मी उजवा हात दिला. म्हाताऱ्याने खांदा झुकवून त्यावरचं फडकं आमच्या हातांवर सोडलं. आता बोट दाबायची पाळी माझी होती. मी दाबलं नाही. हात नुसता त्याच्या हातात ठेवून दिला. फडक्याखाली त्याने माझी बोटं चाचपली.

"बोटं गारठली वाटतं," मामा म्हणाला.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, भाव तुमीच दाबा. तुमी दाबाल त्याला मी नाय म्हणणार नाय. फक्त एक सांगतो. माझी गाडी तुमच्या खाचरांत एक चाक टाकणार नाय. सगळं गवत मी घळीतून पलीकडं उतरवणार. बांध जसे हायेत तसे राहतील."

जावई म्हणाला, "घळीतून? पोरं घसरगुंडी खेळतात तसं?"

मामाचा चेहरा मी पाहत होतो. इतक्या वर्षांत त्याला पंच्याखालचा हात कळला नाही असं कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्याने त्याच्या हातातून आपला हात सावकाश काढून घेतला. पंचा मामाच्या मांडीवर नुसताच पडून राहिला. मग म्हाताऱ्याने माझं बोट दाबलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते पुष्कळ खालचं बोट होतं. बांधांची किंमत त्याने आपणहून वजा केली होती. त्याने सुनेला हाक मारली, "सुपारी आण गो." सुपारी हातावर आली आणि सौदा पक्का झाला.

मामा उठताना एवढंच म्हणाला, "हे तुझं डोकं नाय."

ते मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला झोंबलं.

गावातून निघण्याआधी मी कापडवाल्याकडून ते निळं रेशीम घेतलं. त्याने उन्हाळ्यातलाच भाव सांगितला, मी एक शब्द न बोलता दिला. त्याने मोजून खूण केली आणि मग कात्री पुढे सरकवून हातभर जास्तीचं कापून दिलं. घरी बायकोने कापड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ओरडलात का?" मी म्हटलं, नाही. "मंग फसलात," ती म्हणाली आणि माझ्यावर विश्वास न ठेवताच चोळी शिवायला बसली.

त्या वर्षी राबलो त्याहून कमी मी आयुष्यात कधी राबलो नाही. ठाकर बाया माळावर कापत, पेंढ्यांना दोन बंद घालत आणि घळीच्या तोंडाशी आणून सोडून देत. एक म्हातारी ठाकरीण, जिने जन्मभर डोक्यावरून गवत उतरवलं होतं, ती पेंढीला लाथ मारून खाली सोडायची आणि म्हणायची, "जा गो बाय, सासरी." खाली रस्त्यावर माझी एक गाडी आणि भाड्याच्या थोड्या गाड्या उभ्या. दुसरे वखारवाले डोंगराला वळसा घालून एक खेप करत तोवर माझ्या दोन व्हायच्या, आणि संध्याकाळी बैल रवंथ करत बसलेले असायचे. दिवाळीच्या आत माझ्या गवताने भरलेली वाघीण मुंबईला गेली. स्टेशनावर ती सुटताना मी आवाज काढला नाही. बघणारे बघत होते.

कापडवाला त्यानंतर आणखी एकदोन हिवाळे आला. मग त्याच्या मुलखात जपान्यांनी काय चालवलंय ते लोक वर्तमानपत्रातून वाचून दाखवायला लागले, इकडेही लढाई आली, आणि तो यायचा थांबला. त्याचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. मामाच्या हाताखाली तयार झालेला माणूस असं लोक म्हणतात तेव्हा मला तो गरम पाण्याचा पेला आठवतो.

त्याच वर्षी दिवाळी उलटल्यावर मामा आला. घरी नाही, थेट घळीच्या पायथ्याशी, जिथे माझ्या गाड्या भरत होत्या. एकटा आला होता. बराच वेळ वरून येणाऱ्या पेंढ्या बघत उभा राहिला. एक त्याच्या पायाजवळ येऊन पडली तेव्हा तिचे बंद वाकून बघितले. मग माझ्या शेजारच्या दगडावर बसला, खांद्यावरचा पंचा काढला आणि हात पुढे केला.

"दे."

मी हात दिला. त्याने वर पंचा टाकला. त्याची बोटं खरखरीत होती, ह्या हाताचं काम मी इतकी वर्षं बाहेरून पाहिलं होतं, आत पहिल्यांदाच होतो. त्याने वाटा दाबला. लग्न झाल्यावर मी मागितला होता तोच.

"जावई राहील, तू पण ये," तो म्हणाला. "तोंड नको आता. हातच दे."

मी हात तसाच ठेवला. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि वाटा वाढवून दाबला. वरून पेंढ्या येत होत्या. त्याने पुन्हा वाढवला. मी घळीकडे बघत होतो. मामाच्या बोटांना माझी बोटं सापडत होती, पण त्यांच्यात काहीच सापडत नव्हतं, आणि हे त्याला कळत होतं, कारण हात वाचण्यात तालुक्यात त्याच्यासारखा कोणी नव्हता.

"बोल की कायतरी," मामा म्हणाला. "शिव्या तरी दे."

मी गाडीवानाला हाक मारून मामासाठी पाणी गरम करायला सांगितलं.

मामाने पंचा काढला, झटकला, नीट घडी केली आणि खांद्यावर टाकला. पाणी तापेपर्यंत तो थांबला नाही.